‘बोलायचं कुणाशी?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

इस्रायल-पॅलेस्टिनी वाटाघाटींवरच्या मागच्या लेखावर आपण लिहिलंत, ‘१९९३ मध्ये इस्रायली पंतप्रधान राबिन यांच्यासमोर अराफत तरी होते. आज हमासशी बोलता येत नाही, अब्बासना कुणी विचारत नाही. मग काय भिंतीशी बोलायचं?’

पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे अध्यक्ष अब्बास यांच्याबद्दल वाद नाही. जानेवारी २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले ते उठलेच नाहीत, आणि २०२१ च्या जाहीर झालेल्या निवडणुकाही त्यांनीच पुढे ढकलल्या. पण ‘अराफत तरी होते’ हे पटत नाही. इस्रायली नागरिकाने पीएलओच्या, म्हणजे अराफत यांच्या पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेच्या, माणसाला भेटणं हा १९८६ पासून गुन्हा होता. तो कायदा रद्द झाला जानेवारी १९९३ मध्ये.

त्याआधीची इस्रायल-अरब शांततेसाठीची माद्रिद परिषद बघा, ऑक्टोबर १९९१ ची. समोर कोण चालेल हे इस्रायलने आधीच ठरवलं होतं. पीएलओचा नको, पूर्व जेरुसलेमचा नको, परदेशात राहणारा नको, आणि बसायचं ते जॉर्डनसोबतच्या संयुक्त शिष्टमंडळात. या चाळणीतून गाझाचे डॉक्टर हैदर अब्देल शफी आत आले. जेरुसलेमचे फैसल हुसैनी सल्लागार म्हणून बाहेर राहिले. पुढे वॉशिंग्टनला फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, पण होकार-नकार यायचा पीएलओच्या मुख्यालयातून, ट्युनिसहून, अराफत यांच्याकडून. साहेब आत बसलाय हे ठाऊक असताना बाहेरच्या कारकुनाशी हुज्जत घालावी, तसा प्रकार. शिवाय हे ‘चालणारे’ शफी व्यापलेल्या भागातल्या इस्रायली वसाहतींच्या बाबतीत अराफत यांच्यापेक्षा कडक निघाले. बांधकाम आधी थांबवा, हा त्यांचा हट्ट.

नॉर्वेतल्या ओस्लोच्या गुप्त बोलण्यांत पीएलओच्या अहमद कुरेई यांनी वसाहती आणि जेरुसलेम हे दोन्ही विषय पुढच्या टप्प्यावर ढकलायला मान्यता दिली. कारण साधं होतं. आखाती युद्धात सद्दामची बाजू घेतल्याने पीएलओला मिळणारा आखाती पैसा आटला होता. ९ सप्टेंबर १९९३ ची पत्रं शेजारी ठेवून वाचा. अराफत यांच्या पत्रात इस्रायलच्या अस्तित्वाचा हक्क मान्य, हिंसा सोडण्याची हमी, पीएलओच्या सनदेतली इस्रायल नाकारणारी कलमं बदलण्याचं वचन. राबिन यांचं उत्तर एका वाक्याचं : पीएलओ ही पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी, तिच्याशी वाटाघाटी सुरू करू. पॅलेस्टिनी राष्ट्राचा शब्दही नाही. म्हणजे भागीदार मिळाला तो दुबळा असताना आणि स्वस्तात. तो पुढे आपल्याच लोकांत का टिकला नाही, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

इस्रायलने मनासारखा भागीदार घडवूनही पाहिलाय. १९७६ च्या नगरपालिका निवडणुकांत इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेत पीएलओवाले महापौर निवडून आले, तेव्हा इस्रायलने त्यांना पर्याय म्हणून ‘ग्राम-संघ’ उभे केले आणि १९८२ मध्ये नाब्लुस, रामल्लाचे महापौर काढून टाकले. संघांच्या पुढाऱ्यांना गावांत कुणी भीक घातली नाही. काही वर्षांत खेळ संपला.

‘हमासशी बोलता येत नाही’ हेही अर्धंच खरं. २०११ मध्ये गिलाद शालित या एका सैनिकाच्या बदल्यात १०२७ कैदी सुटले, ते इजिप्तमार्फत हमासशी बोलूनच. कैद्यांचा सौदा म्हणजे शांतता नव्हे, एवढं कळतं मला. पण २०१४ मध्ये काय झालं? तोवर तक्रार अशी की गाझात सत्ता हमासची, त्यामुळे अब्बास गाझाच्या वतीने बोलू शकत नाहीत. त्यांनी एप्रिलमध्ये हमासशी समेट जाहीर केला, तर त्याच कारणाने इस्रायलने बोलणी थांबवली.

आणि पॅलेस्टिनींच्या बाजूने, रामल्लातून, हाच प्रश्न उलटा विचारून पाहा. १९९५ मध्ये दुसरा ओस्लो करार क्नेसेटमध्ये, म्हणजे इस्रायलच्या संसदेत, ६१ विरुद्ध ५९ असा कसाबसा निघाला. जुलै २०२४ मध्ये त्याच सभागृहात पॅलेस्टिनी राष्ट्राला विरोध करणारा ठराव ६८ विरुद्ध ९ मतांनी मंजूर झाला.