पॅट्रिक हाजिर हो!

मला मोडी वाचता येतं, ही बातमी लेकीनं बॉस्टनमध्ये उगाच फोडली. तिच्या सासूबाई मूळच्या आयरिश. मूळच्या म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या. १८४५नंतर तिकडे बटाटा कुजला, दहा लाखांवर माणसं देश सोडून गेली, त्यांत ह्यांचे पूर्वज पॅट्रिक होते, एवढंच घरात ठाऊक. ते कुठल्या गावचे, हे शोधायचं काम विहीणबाईंनी चहाबरोबर माझ्यापुढे ठेवलं. "तुम्हाला कसलंही अक्षर लागतं म्हणे!"

याद्या आहेत, ढिगानं आहेत. १८१९च्या कायद्यानं अमेरिकेत येणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला प्रवाशांची यादी जकात अधिकाऱ्याला देणं भाग होतं. नाव, वय, स्त्री की पुरुष, धंदा, देश. धंदा पहिल्याचा 'मजूर' आणि खाली पानभर 'सदर'च्या खुणा. देश आयर्लंड, खाली पुन्हा खुणाच. आणि गाव? गावाचा रकानाच नाही! आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला उपाध्ये आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि वही उघडून पणजोबांची सही दाखवतात. इथं अख्खा समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला कुणी गाव विचारलं नाही.

नावांचा आनंद निराळाच. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायचा त्यांचाही रिवाज. म्हणजे आजोबांना सहा मुलगे असले की एकाच वाडीत एकाच आडनावाचे सहा पॅट्रिक. मध्ये वडिलांचं नाव लावायची पद्धत नाही, त्यामुळे कुठला कुणाचा हे देव जाणे. आडनावाआधीचा 'ओ' एका यादीत असतो, दुसरीत गळतो. वयं वीस, पंचवीस, तीस अशी गोळाबेरीज. शिवाय कित्येक जण भाडं कमी म्हणून आधी कॅनडात उतरले आणि तिथून सरहद्द ओलांडून आले. त्यांची यादी कोण करतो!

"मग आयर्लंडमधलेच कागद बघा," विहीणबाई म्हणाल्या. बघितले. १८२१ ते १८५१च्या शिरगणतीचे बहुतेक कागद १९२२मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स ह्या न्यायालयांच्या आवारातल्या दप्तरखान्यात जळाले. १८६१ आणि १८७१चे सरकारनंच नष्ट केले. १८८१ आणि १८९१चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करायला दिले. मी उभी हयात सरकारी रेकॉर्ड रूममध्ये काढली. आमच्याकडे ह्या कामाला निदान वाळवी तरी लागायची.

शेवटी वयात बसणारे चार पॅट्रिक हाती उरले. तीन मजूर, एक सुतार. विहीणबाईंनी तत्काळ सुतार पसंत केला.

मी त्यांना अ‍ॅनी मूरची गोष्ट सांगितली. १ जानेवारी १८९२ला न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर बाहेरून येणाऱ्यांची नोंद करायचं ठाणं उघडलं, तिथं सर्वांत आधी नोंद झालेली आयर्लंडमधल्या कॉर्कची मुलगी. पुढं कित्येक वर्षं टेक्सासमधल्या एका अ‍ॅनी मूरलाच लोक ती समजत होते. तिच्या वंशजांना समारंभांची आमंत्रणं जायची. २००६मध्ये कळलं, ही तर अमेरिकेतच, इलिनॉयमध्ये जन्मलेली. खरी अ‍ॅनी जन्मभर न्यूयॉर्कमध्येच, बेटाच्या हाकेच्या अंतरावर राहिली होती.

विहीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे २००६पर्यंत टेक्सासवाल्यांना मान मिळालाच ना?" असं म्हणून त्यांनी सुताराच्या पानाला फ्रेम करायला टाकली.