स्टेजवरच्या रांगेची बाजू घेतोय

गेल्या आठवड्यात एक मुलगी आईला घेऊन बुकिंगसाठी स्टुडिओत आली. पुण्यात आयटीत नोकरी, लग्न डिसेंबरात, इथेच कराडला. फोनमध्ये साठ-सत्तर फोटो सेव्ह करून आणले होते. एकेक दाखवत गेली आणि शेवटी म्हणाली, "दादा, एकच सांगते. ते स्टेजवर रांग लावून काढतात ना, तसले फोटो अजिबात नकोत. फक्त कॅन्डिड, नकळत टिपलेले." मी मान डोलावली, दर सांगितला, तारीख लिहून घेतली. आई सगळा वेळ गप्प. दोघी खाली उतरल्या आणि दोन मिनिटांत आई एकटीच जिना चढून परत आली. छत्री राहिली म्हणाली. छत्री तिच्या हातातच होती.

"भाऊ, तिचं ऐकू नका. रांगेतले सगळे काढा. त्याचे वेगळे किती होतील ते मला सांगा, मी देते. तिला बोलू नका फक्त."

बावीस वर्षं लग्नं शूट करतोय. त्यातली निदान दहा वर्षं मी त्या मुलीच्या बाजूचा होतो. आता आईच्या बाजूला गेलोय. का गेलो ते लिहायचंय. पोस्ट लांब होणार, आधीच सांगतो.

बाबांनी स्टुडिओ टाकला 1983 साली. याशिका मॅट कॅमेरा. छातीशी धरायचा, वरून खाली काचेत बघायचं, एका रोलवर 12 फोटो. साध्या लग्नाला तीन रोल, म्हणजे सगळं लग्न 36 फोटोंत बसवायचं. मंडपात माणूस पाचशे. त्यामुळे घरमालक आधी चिठ्ठी द्यायचा, कुणाकुणाचे काढायचे त्याची. पण चिठ्ठीत नसलेलेही स्टेजवर चढायचेच, आणि नवरा-नवरीच्या मागं उभं राहून कॅमेऱ्याकडं बघायचे. अशांना बाबा 'रिकामा' मारायचे. फ्लॅशगनच्या पाठीला टेस्टचं बटण असतं. ते दाबलं की लख्ख उजेड पडतो, फिल्म जागची हलत नाही. माणूस खूश होऊन खाली उतरतो. त्या काळात बरेच जण हे करायचे, आता कबूल करायला हरकत नाही.

मी लहान होतो, दुसरा फ्लॅश धरून कोपऱ्यात उभा असायचो. एकदा विचारलं, ही फसवणूक नाही का? बाबा म्हणाले, "फोटो कुणाला पाहिजे असतो रे? लग्नात आपल्याला उभं केलं, उजेड पडला, एवढंच पाहिजे असतं."

मला ते तेव्हा पटलं होतं. मग एक म्हातारे गृहस्थ दुकानात यायला लागले. नवरीचे लांबचे चुलत आजोबा, धोतर, लाल मुंडासं. दर बाजारच्या दिवशी यायचे आणि विचारायचे, आमचा फोटो झाला का. बाबांनी आधी सांगितलं, धुवायला गेलाय. मग सांगितलं, रोल खराब झाला. तिसऱ्या बाजाराला बाबांनाच लाज वाटली. त्यांनी म्हाताऱ्याला आत नेलं, पडद्यापुढं खुर्चीवर बसवलं, चांगला फोटो काढला, पैसे घेणार नाही म्हणाले. म्हाताऱ्यानं पुढच्या आठवड्यात तो फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि परत टेबलावर ठेवला. "ह्यो न्हाई. ह्यात पोरगी कुठाय?"

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं मित्रांत विनोद म्हणून सांगत आलो.

2012 ला मी कर्ज काढून पहिला फुलफ्रेम कॅमेरा घेतला, सोबत 85 ची लेन्स. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं भोक, पूर्ण उघडलं की चेहरा टाचणीसारखा स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर, लोणी. आम्ही पोरं त्याच्या प्रेमातच पडलो होतो. एकमेकांना फोटो पाठवायचो, 'काय लोणी आलंय बघ'. स्टेजचे फोटो म्हणजे ट्रॅडिशनल, म्हणजे कमी प्रतीचं काम. त्याला नवीन पोरगं उभं करायचं, दिवसाचे अडीच हजार द्यायचे आणि आपण मंडपभर 'क्षण' टिपत हिंडायचं. नवरीच्या डोळ्यातलं पाणी, पैंजण, मेंदीवर पडलेली अक्षता. आता ते जुने फोल्डर उघडतो तेव्हा मला ते लोणीच दिसतं. त्या लोण्यात कोण होतं? मावशी होती, थोरले चुलते होते, शेजारच्या काकू होत्या. चांगली आठ-दहा हजारांची पैठणी नेसून आलेली माणसं मी तीन वर्षं रंगीत धूर करून टाकली.

आणि मग पाटणच्या बाजूचं एक लग्न झालं.

दुपारी साडेबाराचा मुहूर्त. अक्षता पडायला पावणेदोन, कारण एक पुढारी यायचे होते आणि आल्यावर शुभाशीर्वाद देताना त्यांना ऊसदरही आठवला. जेवणं सुरू झाली, स्टेजवर रांग लागली. माझं ट्रॅडिशनलचं पोरगं सकाळी सहापासून उपाशी, म्हटलं जा, दोन घास खा, दहा मिनिटं मी बघतो. आणि मी काय बघत होतो, तर मंडपाच्या मागच्या कनातीतून उन्हाची तिरीप येत होती, तिच्यात दोन लहान मुली नाचत होत्या, ती तिरीप. अजूनही तो माझा आवडता फोटो आहे, खोटं कशाला बोलू.

महिन्याने नवऱ्याचे वडील स्टुडिओत आले. आरडाओरडा नाही, काही नाही. म्हणाले, "माझ्या बहिणीचा फोटो दिसत न्हाई." मी म्हटलं असेल, शोधू. मग त्यांनी सावकाश सांगितलं. जमिनीच्या वाटणीवरून बहीण-भावाचं 18 वर्षं बोलणं बंद होतं. पत्रिका द्यायला हे स्वतः गेले होते, तिनं दारातूनच घेतली होती. येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ती आली. स्टेजवर चढली, भाच्याला ओवाळलं, भावाशेजारी उभी राहिली. समोर कॅमेरा नव्हता. थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि उतरली.

त्या माणसानं माझ्याशेजारी स्टूलवर बसून 1,900 फोटो बघितले. दोन तास. चहा दोनदा सांगितला, दोन्ही वेळा गार झाला. शेवटी एका फोटोत बाई सापडली. पंगतीच्या फोटोत, मंडपाच्या खांबाआड, अर्धा चेहरा, हातात बुंदीचा द्रोण, फोकस भलतीकडेच. मी म्हटलं, काका, हा नाही चालणार, मोठा केला की फाटेल, नुसते ठिपके दिसतील. ते म्हणाले, "हाच मोठा करा." 12 बाय 36 च्या करिझ्मा अल्बममध्ये अख्ख्या पानावर तो फोटो आहे. माझ्या हातून छापून गेलेला सगळ्यात वाईट फोटो. अल्बमचे राहिलेले पैसे मी घेत नव्हतो, ते टेबलावर ठेवून गेले.

त्या दिवशी मला मुंडासंवाले आजोबा आठवले आणि बाबांचं म्हणणं चुकलं होतं हेही लक्षात आलं. उजेड पडला म्हणून ते खूश झाले नव्हते. पोरीच्या लग्नाला आपण होतो याचा कागद त्यांना हवा होता, आणि त्या कागदात पोरगी पाहिजे होती.

दादासाहेब फाळके सिनेमात जायच्या आधी फोटोग्राफर होते. बडोद्यात त्यांचा तो धंदा चालेना, कारण कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस लवकर जातो असा लोकांचा समज होता, असं वाचलंय. आमच्या आजीचं म्हणणंही तेच होतं. घरात बाबा, म्हणजे तिचा पोटचा मुलगा फोटोग्राफर, तरी ती कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहायची नाही. तिचे एकूण फोटो चार. चारही कुणाच्या ना कुणाच्या लग्नातले, स्टेजवरचे, रांगेतले. तिथं मात्र जीव गेला तरी चालेल!

करोनात तर सगळं उघडच झालं. एप्रिल 2021 ला सरकारचा नियम आला, लग्न दोन तासांत उरका, माणसं 25, मोडलं तर 50 हजार दंड. तेव्हा माझ्यासमोर एका घरात भांडण झालं होतं, की फोटोग्राफर पंचवीसात धरायचा का. धरला तर एक मामा कमी होतोय. शेवटी मामा बाहेर गाडीत बसला आणि मी आत. मला अजून ते बरं वाटत नाही. त्या लग्नाचे फोटो म्हणाल तर माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर. गर्दी नाही, मधे कुणाचा मोबाईल नाही, लाजाहोमाचा धूर सुद्धा सांगितल्यासारखा. अल्बम दिला तर नवरी म्हणाली, छान आलेत हो, पण दुसऱ्याच कुणाचं तरी लग्न वाटतंय. दीड वर्षानं, बाळ कडेवर घेऊन, त्यांनी पुन्हा हॉल घेतला, स्टेज लावला, सोफा आणला, चारशे पत्रिका वाटल्या. विधी काहीच नव्हता. तीन तास नुसती रांग. गाडीतला मामा पहिला चढला.

आता लोक विचारतात, तुम्ही हे काम का करता. आवड, कला वगैरे मी सांगत नाही. पैशासाठी करतो. तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत मुहूर्ताचे मोजके दिवस, त्यात वर्षाची कमाई करायची, चातुर्मासात पासपोर्ट फोटो आणि शाळेची ओळखपत्रं. एकाच तारखेला चार लग्नं आली की तीन सोडावी लागतात आणि पुढचे पंधरा दिवस घरी. दोन कॅमेरा बॉडी, तीन लेन्सा, फ्लॅश, कार्डं, सगळ्याचे हप्ते. कंबर गेलेली. जेवायला सगळ्यांच्या शेवटी, तेव्हा भात आणि कढी उरलेली असते. अल्बमसाठी फोटो निवडून द्या म्हटलं की पार्टी सहा महिने गायब, आणि उरलेले पैसे त्या निवडीला बांधलेले. मुलगा दहावीत आहे, या धंद्यात येऊ नको असं मी त्याला स्पष्ट सांगितलंय.

पण पैशासाठी माणूस आणखी वीस धंदे करू शकतो. हाच का, तर भरल्या मंडपात नवरदेवाला 'मान वर करा' म्हणायचा अधिकार दोघांनाच असतो, गुरुजींना आणि मला. (आमच्या दोघांचं आपसात जमत नाही ही गोष्ट वेगळी. मी म्हणतो, गुरुजी, हार जरा परत घाला. ते म्हणतात, मुहूर्त तुमच्या कॅमेऱ्यात असतो का?) कुणाच्याही घरात, ज्यांच्या उंबऱ्याला एरवी मी शिवणार नाही, त्यांच्या देवघरापर्यंत मी अनवाणी जातो आणि कुणी विचारत नाही, तू कोण. ही एक ओढ आहे, ती नाकारत नाही.

कायद्याच्या बाजूनेही आमची गरज लोकांना उशिरा कळते. विवाह नोंदणीला गेलं की पत्रिकेबरोबर लग्नातला फोटो मागतात. पुढे वाद कोर्टात गेला तर वकील विचारतात, सप्तपदीचा आहे का? हिंदू विवाह कायद्याचं कलम 7 बघा. ज्यांच्या विधीत सप्तपदी आहे त्यांचं लग्न सातवं पाऊल पडलं की पूर्ण होतं. 2024 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यानं हिंदू विवाह होत नाही. तेव्हापासून मी सातही पावलं काढतो. कुणी अल्बमला घेत नाही, हार्डडिस्कवर पडून असतात. आणि जाता जाता, आपल्या कॉपीराइट कायद्यात, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा मालक ग्राहक असतो, फोटोग्राफर नाही. हे आमच्यातल्याच बऱ्याच जणांना माहीत नाही, म्हणून लिहिलं.

कॅन्डिड वाईट असं मी म्हणत नाही, माझं घर त्याच्यावर चालतं. पण त्या मुलीनं दाखवलेल्या साठ-सत्तर फोटोंत मला कराड कुठलं आणि उदयपूर कुठलं हे सांगता आलं नसतं. तोच तपकिरी रंग, तीच मान मागं टाकून हसणारी नवरी. उलट रांगेतला कुठलाही फोटो घ्या. थर्माकोलची अक्षरं, लाल सोफा. कुणी नवऱ्याच्या बाजूला उभं राहिलंय, कुणी मुद्दाम नवरीच्या. आहेराचं पाकीट हातात धरायचं की खिशात, या गोंधळात अडकलेला साडू. नवरीच्या कोपराला घट्ट धरलेली मावशी. चपला स्टेजखाली काढून आलेला एक गडी, बाकी सगळे बूट घालून. पन्नास वर्षांनी कुणाला त्या घराबद्दल काही कळून घ्यायचं असेल तर तो डोळ्यातल्या पाण्याचा क्लोजअप बघत बसणार नाही.

काल ती आई पुन्हा आली, या वेळी खरंच एकटी. पैसे घ्यायला मी नाही म्हटलं. तिनं पर्समधून वहीचं पान काढून दिलं, चार घड्या घातलेलं. स्टेजवर कुणाकुणाचे काढायचे त्याची यादी, निळ्या पेनानं, नंबर घालून, 43 नावं. पुढं कंसात ओळख: थोरली जाऊ, दूधवाले मामा, हिच्या बालवाडीच्या बाई. सगळ्यात खाली, नंबर न घालता, एक नाव वेगळ्या पेनानं लिहिलेलं होतं आणि त्यापुढं, 'येणार नाहीत. आले तर लगेच मला हाक मारा.'