जैविक गाळणी बसवली की झिंग्याच्या तळ्याचे पाणी बदलावे लागत नाही?

भंडारा-गोंदियाकडील मत्स्यपालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्याला जैविक गाळणी जोडावी, पाकिटातील जिवाणू सोडावेत, की पाणी बदलण्याची गरज उरत नाही, खाद्य हवे तेवढे टाकता येते आणि विदर्भाच्या उन्हात जिवाणू दुप्पट जोमाने काम करतात, असा त्याचा आशय आहे.

पाणी बदलण्यापासून सुरुवात करू. झिंगा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. गाळणीतील खडीवर किंवा जाळीवर वाढणारे नायट्रोसोमोनास जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरासारखे दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. इतपत संदेश खरा आहे. मात्र तयार झालेले नायट्रेट पाण्यातच साठते, आणि विष्ठा, कात व उरलेल्या खाद्याचा गाळ वेगळा काढावाच लागतो. त्यातून मे महिन्यात पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, त्यांना तर गाळणी हातही लावत नाही. तेव्हा पाणी कमी बदलावे लागते, एवढेच म्हणता येईल.

पाकिटाबद्दलचा दावा अधिक घातक आहे. बाजारातील पुष्कळ पाकिटांत बॅसिलस जातीचे जिवाणू असतात. ते गाळ कुजवायला उपयोगी आहेत, पण अमोनियाचे नायट्रेट करण्याचे काम त्यांचे नव्हे. ते काम करणारे जिवाणू सावकाश वाढतात आणि गाळणी मुरायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. या काळात आधी अमोनिया चढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढते. गोड्या पाण्यात क्लोराइड (मिठातला घटक) कमी असल्याने विषारी नायट्राइट झिंग्याच्या अंगात सहज शिरते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात हा धोका थोडा कमी, धानपट्ट्यातील तलावाच्या पाण्यात जास्त. म्हणून अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही खाली आल्याचे चाचणी संचावर दिसल्याशिवाय झिंग्याचे बीज (पिल्ले) सोडू नये.

खाद्य हवे तेवढे टाका, हे वाक्य ज्याने लिहिले त्याने हिशेब केलेला नाही. रोज टाकलेल्या, 35 टक्के प्रथिनांच्या 10 किलो खाद्यात 560 ग्रॅम नायट्रोजन असतो. त्यातला 300 ग्रॅम जरी अमोनिया म्हणून गाळणीपर्यंत पोहोचला, तरी त्याचे नायट्रेट करताना जिवाणू सुमारे 1.4 किलो प्राणवायू ओढून घेतात आणि पाण्याची आम्ल पचवण्याची जी ताकद असते तीही खर्च करतात. ती भरून काढायला सुमारे साडेतीन किलो खाण्याचा सोडा लागेल, आणि तोही रोज. सोडा न टाकल्यास सामू (pH) घसरत जातो आणि शेवटी जिवाणूच काम थांबवतात. प्राणवायूचा प्रश्न आपल्याकडे विजेशी बांधलेला आहे. रात्री लाइन गेली आणि जनरेटर नसला, तर झिंगा आणि जिवाणू एकाच वेळी गुदमरतात.

उन्हाचा मुद्दा थोडक्यात. हे जिवाणू 30 अंशांच्या आसपास चांगले चालतात, पाणी त्याहून बरेच तापले की मंदावतात, आणि थेट उजेडही त्यांना मानवत नाही. गाळणीवर सावली हवी. तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. शिवाय शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात दुपारी सामू चढतो. 30 अंशांच्या पाण्यात सामू 8 असताना अमोनियाचा 7 ते 8 टक्के भाग विषारी रूपात असतो, 9 झाला की जवळपास 45 टक्के. सकाळी घेतलेले माप दुपारी म्हणूनच फसवते. दुपारी तीनच्या सुमारास एकदा तपासावे.

गाळणी निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. पाण्याची टंचाई असलेल्या गावात ती घ्यावी, पण विकणारा जेव्हा ती इतक्या लिटरची आहे असे सांगतो, तेव्हा रोजच्या किती किलो खाद्याचा भार ती पेलते, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे.