बाहुल्या राहतात की खुर्च्या? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

विसाव्या शतकातल्या नामवंत डिझायनरांच्या खुर्च्यांच्या छोट्या प्रतिकृती मांडलेल्या माझ्या बाहुलीघराच्या दिवाणखान्याच्या फोटोंवरची तुमची प्रतिक्रिया चार वेळा वाचली. पहिल्या वाचनात राग आला, हे कबूल करते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हे घर नसून फर्निचरचं शोरूम आहे. नक्षी नाही, कोरीवकाम नाही, म्हणून काम सोपं, "चार तारा वाकवल्या की झाली खुर्ची". मुलांनी हात लावायचा नाही अशा वस्तूला बाहुलीघर म्हणू नये. आणि काळ्या चामड्याची ती आरामखुर्ची दाराच्या मानाने राक्षसी दिसते. शेवटी तुम्ही विचारलंत, "या घरात बाहुल्या राहतात की खुर्च्या?"

आधी त्या राक्षसी खुर्चीचं बघू, कारण तिथे तुम्ही मला रंगेहाथ पकडलंय. चार्ल्स आणि रे ईम्स यांची ती १९५६ सालची लाउंज चेअर. माझ्याकडची प्रतिकृती व्हिट्रा डिझाइन म्युझियमच्या संग्रहातली आहे, आणि त्या सगळ्या प्रतिकृती १:६ मापाच्या, म्हणजे मूळ वस्तूच्या एक षष्ठांश असतात. माझं घर १:१२ चं, खऱ्याच्या एक बारांश. म्हणजे खुर्ची लांबी-रुंदी-उंचीला दुप्पट, आणि जागा खाते आठपट. दार साडेसतरा सेंटीमीटरचं, खुर्ची चौदाची! बाहुलीघर सुरू करायच्या कितीतरी आधी ती शेल्फवर ठेवायला घेतली होती आणि मोह आवरला नाही. मागच्या कोपऱ्यात सरकवली तर कॅमेऱ्याला कळणार नाही असं वाटलं होतं. कॅमेऱ्याला कळलं नसेलही, तुम्हाला कळलं. ती परत शेल्फवर गेली आहे. १:६ म्हणजे साधारण बार्बीचं माप, तेव्हा ज्यांच्याकडे तेवढ्या उंचीची बाहुली आहे त्यांना ती चालेल. माझ्या बाहुलीला त्या खुर्चीत पलंगासारखं झोपता येतं.

आता "चार तारा". इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

तुम्ही ज्या खुर्चीबद्दल हे लिहिलंत ती मार्सेल ब्रॉयरची १९२८ ची, मागचे पाय नसलेली. मूळ खुर्चीची नळी अडीच सेंटीमीटरच्या आसपास जाड, म्हणजे माझ्या मापात दोन मिलिमीटरची तार. तारा चार नाहीत, एकच आहे. अखंड. पाठीच्या एका टोकाकडून खाली येते, बसायच्या कडेने पुढे जाते, खाली उतरते, जमिनीवरून मागे फिरते आणि दुसऱ्या बाजूने तशीच वर चढते. पकडीने वाकवली तर दातांचे ओरखडे उठतात आणि वळण टोकदार होतं. म्हणून ती ड्रिलच्या गुळगुळीत दांड्याभोवती हाताने वळवायची. बरं, पोलादी तार सोडली की थोडी उलट फिरते, त्यामुळे हव्या त्या कोनापेक्षा थोडं जास्त वाकवायचं, आणि हे "थोडं" दोन्ही बाजूंना सारखं हवं. एक मिलिमीटर चुकला तर तो खऱ्या खुर्चीतल्या बारा मिलिमीटरांइतका असतो. खुर्ची डुगडुगते. माझ्या पहिल्या सहा डुगडुगल्या. सातवी फोटोत आहे.

नक्षीदार खुर्चीत वेल-पानांच्या गर्दीत एखादी चूक खपून जाते. मोठमोठे कारागीर १:१२ मध्ये जे कोरीवकाम करतात त्यापुढे मी हात जोडते, पण माझ्यासारखीच्या हातून झालेली चूक नक्षी पोटात घालते, हेही तितकंच खरं. साध्या वक्र रेषेला पोटच नसतं.

तुमच्या बाजूचा एक मुद्दा मात्र तुम्ही मांडला नाहीत, तो मीच देते. लांबी बारा पटींनी कमी झाली की पायाच्या काटछेदाचं क्षेत्रफळ १४४ पटींनी कमी होतं, पण वजन १७२८ पटींनी. त्यामुळे छोट्या खुर्चीला स्वतःचा भार असा जाणवतच नाही. व्हर्नर पॅंटनची एकसंध प्लॅस्टिकची खुर्ची घ्या. कल्पना पन्नाशीच्या दशकातली, पण माणसाच्या वजनाखाली न मोडणारी खुर्ची बाजारात यायला १९६७ उजाडलं. तीच खुर्ची माझ्या मापात रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या द्रवात) ओतली की दुसऱ्या दिवशी उभी. ज्या प्रश्नाने डिझायनरची वर्षं खाल्ली तो इथे फुकटात सुटतो. मग खुर्चीत उरतं काय? फक्त रेषा आणि जाडी. माझा सगळा वेळ त्या जाडीतच जातो. आर्ने याकोबसेनच्या १९५५ च्या सेव्हन खुर्चीचं कवच व्हेनियरच्या, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांच्या, नऊ थरांचं असतं आणि तरी जेमतेम सेंटीमीटरभर. म्हणजे मला हवं एक मिलिमीटरपेक्षा कमी. अर्ध्या मिलिमीटरहून पातळ दोन व्हेनियर, रेषा एकमेकींना आडव्या ठेवून, साच्यावर दाबून चिकटवले की संपलं, तिसऱ्याला जागाच नाही. कड जरा जाड राहिली की खुर्ची बिस्किटासारखी दिसते. शिवाय लाकडाच्या रेषा काही लहान होत नाहीत! ओकचं व्हेनियर वापरलं तर त्या रेषा एवढ्याशा खुर्चीवर शेतातल्या नांगरटीसारख्या दिसतात. त्यापेक्षा मेपलसारखं बारीक पोताचं लाकूड बरं.

वजनाचं हेच गणित कापडावर मात्र उलटतं. छोटी उशी इतकी हलकी असते की कापडाचा ताठपणा तिला जिंकतो. ती दगडासारखी फुगून बसते, कोणी टेकून उठल्यासारखी कधीच दिसत नाही. उपाय जुना आहे, माझा नाही: कापसाऐवजी बारीक वाळू भरायची. मग उशी खचते आणि मध्ये खळगा पडतो. फोटोतल्या सोफ्यावरच्या तिन्ही उशा वाळूच्या आहेत. तुमच्या नजरेतून त्या सुटल्या, याचं मला थोडं वाईटच वाटलं.

ता. क. शेवटी लिहायचा असतो, पण विसरेन म्हणून इथेच. हान्स वेग्नरच्या विशबोन खुर्चीची बैठक सुमारे १२० मीटर कागदी दोरीने हाताने विणतात. माझ्या हिशेबाने दहा मीटर दोरा. विणायला घेतलाय. कधी संपेल ते विचारू नका.

मुलांचा मुद्दा. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन या श्रीमंत बाईचं सतराव्या शतकाच्या शेवटी घडवायला घेतलेलं बाहुलीघर आहे. त्यावर झालेल्या खर्चात कालव्याकाठचं खरं घर आलं असतं असं सांगतात. ते मुलांसाठी नव्हतंच. न्यूयॉर्कच्या कॅरी स्टेटहायमरने १९१६ पासून जवळजवळ वीस वर्षं एक घर सजवलं, आणि त्यात टांगायला मार्सेल द्युशाँने स्वतःच्या गाजलेल्या चित्राची चिमुकली आवृत्ती काढून दिली. तेव्हा मोठ्यांनी हा खेळ मुलांकडून हिसकावला असं म्हणता येणार नाही. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. "खरं बाहुलीघर" म्हणून तुमच्या डोळ्यांपुढे जे जुन्या धाटणीचं घर आहे, त्याच्या काळात ते जुनं नव्हतं. मालकिणीच्या दिवाणखान्यात जे होतं तेच छोटं होऊन आत गेलं. बार्बीचं १९६२ चं पहिलं घर घडीच्या पुठ्ठ्याचं होतं आणि त्यातलं फर्निचर त्या वेळच्या फॅशनचं, सरळ रेषांचं. लुंडबी या स्वीडिश कंपनीच्या घरांतही त्या त्या दशकाचे सोफे आणि दिवे आले. मुलं त्यांच्याशी मजेत खेळली. माझ्या घराला हात लावू देत नाही, हा आरोप मान्य. पण तो माझ्या स्वभावाचा दोष आहे, खुर्च्यांचा नाही.

आता "शोरूम". यावर उत्तर लिहायला बसले आणि लिहिता लिहिता फोटो पुन्हा उघडला. एका खोलीत सात खुर्च्या, आणि सातही कॅमेऱ्याकडे तोंड करून! एकही दुसरीकडे वळलेली नाही. दोन माणसांना गप्पा मारायच्या तर माना मोडून बसावं लागेल. वाचायच्या खुर्चीजवळ दिवा नाही, सोफ्यासमोर काही टेकवायला जागा नाही. प्रत्येक खुर्ची आपली नायिका.

आणि ज्यांच्या नावाने मी हे केलं त्यांची घरं अशी नव्हतीच. ईम्स दांपत्याचं १९४९ चं घर पुस्तकं, गालिचे, खेळणी, कुठून कुठून गोळा केलेल्या वस्तू यांनी भरलेलं होतं. छतापासून वाळलेलं काटेरी झुडूप टांगलेलं होतं. डच वास्तुविशारद रीटफेल्टने नेदरलँड्समधल्या उट्रेख्टमध्ये १९२४ साली बांधलेलं लाल-निळ्या-पिवळ्या रेषांचं घर पाहून कोणालाही वाटेल की हे नुसतं बघायला आहे. त्यात ते बांधून घेणाऱ्या ट्रुस श्रोडर तीन मुलांना घेऊन राहायला आल्या आणि १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिल्या.

म्हणून परवा चार खुर्च्या डब्यात गेल्या. ब्रॉयरची जेवणाच्या टेबलाशी आहे, पाठमोरी, आणि तिच्या पाठीवर एक विणलेला स्वेटर टाकलाय, त्यामुळे सातव्या प्रयत्नात जमलेलं ते वळण आता अर्धं झाकलं गेलं. जीव थोडा खालीवर झाला. टेबलाला दुसरी खुर्ची तशीच न घेता मी सगळ्यात आधी केलेलं, एक पाय वाकडा असलेलं स्टूल ठेवलं. सोफ्यासमोर वर्तमानपत्राची घडी आणि एक उलटं ठेवलेलं पुस्तक आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. घरात एक बाहुली आहे, कापडाची, आत तार. पॅंटनच्या खुर्चीत बसवली की घसरून खाली येते! तिच्याखाली मेणाचा थेंब लावून पाहिला, तर चिकटली पण पुढे कलली. सध्या ती वाकड्या स्टुलावर बसते. तिथे तिला मेण लागत नाही.