चीर दोन इंचाची आहे, ऑपरेशन दोन इंचाचं नव्हतं

आता परत कोणी मला "तुझं काय बाई, हार्टचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, छातीसुद्धा फाडली नाही" असं म्हणालं ना, तर मी खरंच ओरडणार आहे.

अहो छातीचं मधलं हाड कापलं नाही, एवढंच! उजव्या बाजूला दोन बरगड्यांच्या मधून डॉक्टर आत गेले, पण आत जाऊन केलं तेच जे छाती उघडून करतात. माझा मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातली एक झडप, गळत होता, तो दुरुस्त करायला जांघेतल्या रक्तवाहिन्यांतून नळ्या घालून मला हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर घेतलं, उजव्या फुप्फुसातली हवा काढून ते बाजूला ठेवलं, आणि तेवढा वेळ माझं हृदय बंद होतं. बंद! आणि तुम्ही दोन आठवड्यांत विचारताय, अजून झोपूनच का?

जाऊबाईंनी तर हद्दच केली. टाके बघायला मागितले, बघितले, आणि म्हणाल्या, "एवढंसंच? माझं सिझेरियन याच्याहून मोठं होतं." मला इतका संताप आला की तोंडातून शब्दच फुटेना.

हाड जुळायचे सहा-आठ आठवडे माझे वाचले, मान्य आहे, त्यासाठी डॉक्टरांचे पाय धरीन मी. पण बरगड्यांमधली नस दुखावलीय त्याचं काय? खोकला आला की उशी छातीशी आवळून धरायची आणि डोळ्यातून घळाघळा पाणी. ब्राची पट्टी नेमकी टाक्यांवर बसते, खाली तळहाताएवढी जागा बधिर आणि तिच्या कडेला नुसता कपडा घासला तरी आग आग होते. फुप्फुसाच्या व्यायामाच्या त्या यंत्रात श्वास ओढून तीन बॉल वर उचलायचे असतात, त्यातला तिसरा अजून हलत नाही माझ्याच्याने. तिसऱ्या दिवशी अचानक छातीत धडधड सुरू झाली, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित पडतात ते, हार्टच्या ऑपरेशननंतर पुष्कळांना होतं म्हणे, सिस्टर शांत होत्या पण मी मेलेच असं वाटलं मला. त्यात आता रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि रक्त किती पातळ झालंय ते बघायच्या आयएनआर तपासणीसाठी सारखी सुई.

हे काही त्या दोन इंचात दिसत नाही ना, म्हणून मी नाटकं करतेय!

अंघोळ करून आले की केस पुसायलासुद्धा दम उरत नाही, पलंगावर बसून राहते तशीच ओल्या केसांनी. तेव्हा कधी उठणार ते विचारू नका, तो टॉवेल घ्या आणि केस पुसून द्या.