करडं बटण काढू नका, त्याला बोलतं करा

‘जे दाबता येत नाही ते दाखवता कशाला? करडी बटणं उडवा, स्क्रीन मोकळी करा.’ आपल्याकडच्या डिझाइनवाल्यांच्या ग्रुपांवर हा सल्ला सारखा फिरत असतो. सोबत कारणं तीन: गोंधळ टळतो, करडं बटण डोकं फिरवतं आणि लपवलेलं सुरक्षित राहतं.

आधी गोंधळाचं बघू. जिल्हा निवडला की त्याच जिल्ह्याचे तालुके दाखवणारा फॉर्म घ्या. फोंडा तालुका २०१५ मध्ये उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला. जुन्या सवयीने कुणी ‘उत्तर गोवा’ निवडलं, तर यादीत पेडणे, बार्देश, डिचोली, सत्तरी, तिसवाडी. फोंड्याचा पत्ता नाही. माणूस यादी वरखाली करतो, पोर्टल बिघडलंय म्हणतो आणि शेजारच्या पोराला हाक मारतो. चूक वरच्या रकान्यात आहे, हे त्याला सांगणार कोण? ‘फोंडा: दक्षिण गोवा जिल्हा’ असं करड्या अक्षरांत दिसलं असतं, तर त्याने स्वतःच जिल्हा बदलला असता. अख्ख्या गोव्याचे तालुके बारा, त्यांची कसली आलीय गर्दी!

मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मध्ये क्वचित लागणारे पर्याय मेनूतून दडवून पाहिले होते. काल दिसलेलं आज कुठे गेलं, हे शोधणं वापरणाऱ्यांच्या नशिबी आलं. ऑफिस २००७ मध्ये वर्ड-एक्सेलचे ते मेनू जाऊन रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आली.

करडं बटण डोकं फिरवतं, हे मात्र मान्य. ‘पाठवा’ दबत नाही आणि का दबत नाही ते कुठेच लिहिलेलं नसतं. ‘रहिवासी दाखला जोडायचा राहिलाय’ एवढी ओळ बटणापाशी टाका. एक खोच आहे. वेबपानांची भाषा एचटीएमएल, तिचं ‘डिसेबल्ड’ (disabled) लावलं की कीबोर्डवरच्या टॅबने पुढे सरकणाऱ्याला ते बटण लागतच नाही, म्हणजे स्क्रीन रीडरवर (स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) काम करणाऱ्याच्या हातून ते सहज निसटतं. त्याऐवजी ‘एरिया-डिसेबल्ड’ (aria-disabled) लावलं तर बटणावर थांबता येतं, दाबल्यावर काही घडू नये, ते मात्र कोडमध्ये आपण बघायचं. डब्ल्यूसीएजी (WCAG) या वेब सर्वांना वापरता यावं म्हणून केलेल्या नियमावलीत साध्या मजकुराला ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक, लागतो आणि निष्क्रिय बटणांना त्यातून सूट आहे. म्हणून भर उन्हात मोबाइलवर वाचताच येणार नाही इतकं फिकट करायचं?

सुरक्षिततेचं कारण तर टिकतच नाही. बटण लपवलं तरी विनंती थेट सर्व्हरकडे धाडता येते. अडवायचं ते तिथे.

जे त्या माणसाच्या वाट्याला कधीच येणार नाही, ते खुशाल लपवा. ग्राहकाला मॅनेजरचं ‘बिल रद्द करा’ दाखवून काय उपयोग? पण पावसाळ्यात जलक्रीडा बंद म्हणून हॉटेलच्या बुकिंगमधून पॅरासेलिंग गायब केलंत, तर पाहुण्याला वाटणार, यांच्याकडे ते नाहीच. ‘पावसाळ्यात बंद’ असं लिहून ठेवा, तो डिसेंबरची तारीख बघेल.