माही थैली दारात अडवता अन् तुमची पंधरा रुपयांत विकता?

पंधरा रुपये! थैलीचे, मार्टात न विचारता बिलात घातलेले. वरून काउंटरवरचा पोरगा मलाच शिकवतो, "काकू, प्लास्टिक बंद आहे नं आता, पर्यावरणासाठी आहे हे." डोकं असं भणकलं की रात्री जेवण गेलं नाही.

घरून थैली घेऊन गेले होते मी. मांजरपाटाची, दुहेरी शिवणीची, दहा किलो ज्वारी सहज पेलणारी. मार्टच्या दारात गार्ड उभा. म्हणे थैली आत नेता येत नाही, रॅकवर ठेवा, टोकन घ्या. म्हटलं, रिकामी आहे बाप्पा, झटकून दाखवते. "नाही काकू, बाहेरची थैली चालत नाही, कंपनीचा नियम आहे." ठेवली. सामान घेतलं, लायनीत उभी राहिले. नंबर आला तसा त्या पोरानं थप्पीतली एक हिरवी थैली फडकन उघडली, मशीनपुढं धरली, टुक झालं अन् साखर आत टाकलीसुद्धा. म्हटलं थांब, माही थैली दारात आहे, घेऊन येते. तर म्हणे बिल सुरू असताना लाईन सोडता येत नाही. बरं, मग तुमची थैली बिलातून काढ. तर म्हणे त्याला सुपरवायझर लागतो, अन् सुपरवायझर जेवायला गेले. मागची माणसं चुळबुळ करायला लागली. एक जण तर म्हणाला, "काकू, पंधरा रुपयांसाठी काऊन भांडता?" काऊन म्हणजे? पंधरा रुपये झाडाला लागतात का? अन् त्या पोराच्या डोक्यावर भिंतीला हा एवढा बोर्ड: पिशवी घरून आणा, वसुंधरा वाचवा.

आणली होती नं! तुम्हीच दारात अडवली!

घरी येऊन त्या हिरव्या थैलीचा कोपरा काडी ओढून पेटवला. सुती कापड असेल तर जळतं, राख होते, बोटानं चुरगाळली जाते. ही वितळली. थेंब थेंब गळाली अन् फरशीवर तिच्या टणक गोळ्या झाल्या, त्या सुरीनं खरवडाव्या लागल्या. पॉलिप्रॉपिलीन आहे ते. धागे दाबून कापडासारखं दिसायला केलेलं प्लास्टिकच. त्याला ही माणसं कापडी म्हणतात, वर हिरवं पान छापतात अन् त्या पानाच्या दुप्पट आकारात दुकानाचं नाव. म्हणजे त्यांची जाहिरात मी गावभर मिरवायची अन् तिचे पैसेही मीच भरायचे. २०१९ मध्ये चंदीगडच्या ग्राहक मंचानं चपला-बुटांच्या एका कंपनीला याच गोष्टीवरून धरलं होतं. पिशवी तीन रुपयांची, कागदी, वर कंपनीचं नाव. भरपाई अन् खर्च धरून कंपनीला नऊ हजार मोजावे लागले. २०२० च्या डिसेंबरात राष्ट्रीय ग्राहक आयोगानंही सांगितलं, आधी न कळवता पैसे भरायच्या काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित प्रथा आहे. आमच्या तालुक्यात ते निकाल पोचलेच नाहीत जसे.

अन् हे यवतमाळ जिल्ह्यात! जिकडं बघावं तिकडं कापसाची पऱ्हाटी. वेचून वेचून बायांची बोटं फाटतात. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, अन् दारात येणारा व्यापारी ओलावा दाखवून त्यातून किती कापतो ते घरोघरी विचारा. त्यात ऐन हंगामाच्या तोंडावर, २०२५ च्या ऑगस्टात, सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क काही महिन्यांसाठी काढून टाकलं. आमच्या कापसाला गिऱ्हाईक नाही अन् कापसाच्या गावात थैली प्लास्टिकची. आमच्या बचत गटाच्या बायांनी मांजरपाटाच्या थैल्या शिवून त्याच मार्टात विचारलं होतं, की ठेवा तुमच्या काउंटरवर. हेड ऑफिसला मेल करा म्हणाले. मेल केला. उत्तर नाही. त्या थैल्या अजून आमच्याच घरी ट्रंकेत पडून आहेत.

अन् त्या हिरव्या थैलीत भरलं काय होतं? डाळ प्लास्टिकच्या पन्नीत. साखर पन्नीत. बिस्किटाच्या पुड्यात आणखी एक प्लास्टिकचा खोका. सांबारची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडीसुद्धा पन्नीत! वांगी तर फोमच्या पांढऱ्या ट्रेवर चार मांडलेली, वरून पातळ पन्नी ताणून बसवलेली. वांग्याला देवानं साल दिलं आहे नं? तूर आमच्याच वावरातली, अकोल्याच्या दालमिलमध्ये जाते, डाळ होते अन् चकचकीत पाकिटात घुसून आमच्याकडंच येते. सुटी डाळ घेतली तर जीएसटी नाही, पाकिटातली घेतली तर १८ जुलै २०२२ पासून पाच टक्के. म्हणजे डाळीचे पैसे वेगळे, पन्नीचे वेगळे, त्यावर कर, अन् हे सगळं घरी न्यायच्या थैलीचे आणखी पंधरा. यातला पर्यावरणाचा खर्च कंपनीनं कुठं उचलला, मला कोणी दाखवा.

बंदी कोणावर बसली ते आठवडी बाजारात जाऊन बघा. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदी आली. पहिल्यांदा सापडलं तर ५ हजार दंड, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार अन् तीन महिने कैद. कारखान्यातून पॅक होऊन येणाऱ्या मालाचं वेष्टन मात्र त्यातून सुटलं. आमच्या बाजारात पथक आलं तेव्हा कोणाला धरलं? पालक-चवळी विकणाऱ्या म्हातारीला. तिचा दिवसाचा गल्ला सातशे रुपये होत नाही, अन् तिच्यापुढं ५ हजारांचं पावतीपुस्तक उघडून उभे. ती बिचारी हात जोडून रडायला लागली, "साहेब, लोकं थैली आणत नाहीत, पन्नी नाही दिली तर गिऱ्हाईक पुढच्या पालावर जाते." शेवटी बाजारातल्या लोकांनी वर्गणी करून सोडवली तिला. पलीकडं रस्त्याला लागून चिप्सच्या पुड्यांच्या माळाच्या माळा लटकत होत्या, तिकडं कोणी मान वळवून पाहिलं नाही.

त्याच साहेबलोकांचा स्वच्छतेचा कार्यक्रम झाला आमच्या शाळेत, २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला. 'प्लास्टिकमुक्त गाव' लिहिलं होतं फ्लेक्सवर. पाहुण्यांपुढं पाण्याच्या बाटल्या, त्याही दोन घोटांच्या. कार्यक्रम आटोपला, गाड्या गेल्या, बाटल्या मैदानात. ज्या माणसानं आधी हातात झाडू घेतला अन् मग कीर्तन केलं, त्याच्या फोटोपुढचा तो कचरा आम्ही बायांनी उचलला.

अन् खर्ऱ्याच्या पन्न्या! या विषयावर माझ्या घरातसुद्धा माझ्याशी कोणी बोलत नाही. पानठेल्यावर पन्नीतच खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, घोटायचा, तोंडात टाकायचा, पन्नी तिथंच सोडायची. एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही. तंबाखूच्या प्लास्टिक पुड्यांना केंद्राच्या प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६ च्याच नियमात बंदी आहे. ठेला कुठं आहे ते अख्ख्या तालुक्याला माहीत आहे, फक्त पथकाला सापडत नाही.

लग्नातही तेच. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आमच्याकडं बाया घरी लावायच्या, जेवण झालं की गुरं खायची, उरलं ते खतात. आता कागदी म्हणून ज्या ताटल्या येतात त्यांच्यावर चकाकणारा थर असतो, तो प्लास्टिकचाच. पंगतीनंतर गुरं खरकट्याला तोंड लावतात अन् तो थर पोटात जातो. शेजारच्यांची कालवड पोळ्याच्या आधी गेली. डॉक्टरनं पोट उघडलं तर आत पन्नीचा घट्ट गोळा. घरातल्या माणसांनी दोन दिवस चूल पेटवली नाही. ही पन्नी कोणत्या दुकानातली, हे त्यांनी कोणाला विचारायचं?

घंटागाडी तालुक्यापुरती. आमच्या खेड्यात पन्नी एकतर उकिरड्यावर जाते, नाहीतर नाल्यात, नाहीतर संध्याकाळी पेटवतात अन् तो धूर लेकरांच्या छातीत. २०१६ च्या नियमात लिहिलं आहे, ज्यानं प्लास्टिकमध्ये माल विकला त्यानंच तो कचरा परत गोळा करायची व्यवस्था लावायची. पुन्हा वापरता न येणारं अनेक थरांचं प्लास्टिक, म्हणजे हेच चिप्स-बिस्किटांचे पुडे, दोन वर्षांत बंद करायचं असंही त्यातच होतं. दोन वर्षं भरली तसा २०१८ मध्ये तो नियम बदलला. जाळून ऊर्जा निघत असेल किंवा दुसरा काही उपयोग होत असेल तर चालेल, अशी वाट काढून दिली कंपन्यांना. म्हातारीच्या पन्नीसाठी अशी वाट कोणी काढली नाही.

आमच्या गावात आजपर्यंत एकाही कंपनीची गाडी रिकामे पुडे न्यायला आली नाही. कोणाला शोधायचं असेल तर त्या साहेबांनी, त्या मार्टच्या हेड ऑफिसवाल्यांनी आमच्या उकिरड्यावर यावं. पावसाळे गेले तरी त्या पुड्यांवरची नावं पुसलेली नाहीत, पत्तेसुद्धा छापलेले आहेत. एकेक उचलून वाचून दाखवते.